एकसष्टावा

या मायबापहो, थोडं पुढे सरकून बसा. मुकुटबनच्या घनश्यामची फजिती सांगतो. हसायचं तर हसा, पण बेतानं. त्या बिचाऱ्याला त्या दिवशी हसू अजिबात आलं नव्हतं.

घनश्यामने सहावीतली पोरगी, निकिता, झरीच्या निवासी शाळेत ठेवली. पालकांनी महिन्यातून एका रविवारी यायचं, असा तिथला नियम. हा पहिल्याच बुधवारी रिबिनी घेऊन गेला, शुक्रवारी लिंबाचं लोणचं. त्याला एकच ऐकायचं होतं, 'बाबा, मले घरी घेऊन चाला.' निकिता म्हणायची, "ठेवा तिथं. आमची कबड्डी चालू हाये."

सोमवारी नेलकटर घेऊन पोचला, तेव्हा मैदानावर संध्याकाळची प्रार्थना चालली होती. भजन कानावर पडलं की घनश्यामचे पाय पुढे जात नसत. चौकीदार बाबुलालही डोळे मिटून डोलत होता. हा हळूच शेवटच्या रांगेमागे मांडी घालून बसला आणि त्यानं टाळ्यांचा ठेका धरला.

प्रार्थना संपली, हजेरी सुरू झाली. एकेक मूल आपला आकडा ओरडू लागलं. घनश्याम स्वतः सात वर्षं दारव्ह्याच्या वसतिगृहात वाढलेला, तिथंही रोज अशीच हजेरी. पुढचं पोर "साठ" म्हणालं आणि याच्या तोंडून निघून गेलं, "एकसष्ट."

अधीक्षिका दीपा मॅडमचा पेन थांबला. शाळेत मुलं साठ. एखादं कमी भरतं तर शोधलं असतं. हे जास्तीचं कोणाचं, आणि वर काय कळवायचं?

"परत मोजा."

परत साठ, आणि परत सवयीनं एकसष्ट. तिकडे खिचडी गार होत चालली.

"हा एवढा घोगरा आवाज कोणाचा?"

शेवटी निकिता उठली. "मॅडम, ते माहे बाबा हायेत," असं मान खाली घालून म्हणाली. घनश्यामला वाटलं, जमीन फाटावी.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आवारात सापडलेल्याला मी पालकाच्या ताब्यात दिल्याशिवाय सोडत नाही. तुमच्या पालकांचा नंबर सांगा."

"मॅडम, मी बेचाळीस वर्षांचा हावो."

"नंबर सांगा."

त्याची आई तानाबाई जीपनं आली. 'माझा मुलगा पुन्हा असे करणार नाही' असं लिहिलेल्या कागदाखाली तिनं सही केली. निकिता केव्हाच जेवायला पळाली होती. नेलकटर मॅडमच्या टेबलावरच राहिलं.

फाटकाबाहेर आल्यावर घनश्याम म्हणाला, "माय, मी दारव्ह्याले होतो तवा तू फक्त दिवाळीलेच येत होती. काहून व?"

"मी आली का तू 'घरी चाल' म्हणे. नेता येत नोहतं, म्हून येत नोहती."

"निकिता तं म्हणतच नाही, माय."

तानाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग पदर सावरून फाटकाजवळच्या दगडावर बसली.

"रडून घे बाप्पा. मी थांबून हावो."

मायबापहो, आज ताटावर बसाल तेव्हा तानाबाईची आठवण ठेवा. पोराला दारव्ह्याला सोडून ती परतायची, तेव्हा तिच्यासाठी असं थांबायला कोणी नव्हतं.