वर्नाचं मत, डेन्झिलचं बोट

ज्या वर्षी डेन्झिल नेपियरच्या धाकट्या मुलीनं, ट्विलानं, दुसरं लग्न केलं, आणि तेही सोडून दिलेल्या पहिल्याच नवऱ्याशी, त्याच वर्षी स्टॅम्परबाई निवडणुकीला उभ्या राहिल्या. डेन्झिलला दोन्ही गोष्टींचा राग आला. लग्नाचा यासाठी की एकाच गाढवाला दोनदा जावई म्हणावं लागलं. आणि निवडणुकीचा यासाठी की बाईंच्या विरुद्ध उभं राहायची दुसऱ्या कोणाची छाती होतेच कशी.

डेन्झिलला राग यायला तसं कारण लागत नसे. तो पोरवयात कोळशाच्या खाणीत उतरला तो म्हातारा होऊनच वर आला, आणि वर आल्यापासून चिडलेलाच होता. अक्षरओळख त्याला त्रेसष्टाव्या वर्षी झाली. रॉकलिक ओढ्याकाठच्या चर्चच्या तळघरात निवृत्त शिक्षिका स्टॅम्परबाई मोठ्या माणसांना वाचायला शिकवायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी बालवाचन पुढे केलं. त्यात ससा धावत होता.

"बाई, मला सशाचं काय करायचंय? मला काहीतरी भांडायच्या उपयोगाचं द्या," डेन्झिल म्हणाला.

बाईंनी पर्समधून अमेरिकेच्या राज्यघटनेची खिशात मावणारी पुस्तिका काढून दिली. ती त्यांच्याजवळ कायम असे, जशी इतर बायकांजवळ डोकेदुखीची गोळी असते. डेन्झिलनं एका हिवाळ्यात ती अक्षर अक्षर लावून संपवली. आधी तो नुसताच चिडायचा. आता कलमानिशी चिडू लागला. रस्त्यातला खड्डा, कुत्र्याचा परवाना, चर्चमधलं लांबलेलं प्रवचन, सगळ्यांना त्याचा एकच सवाल असे, "कुठल्या कलमात लिहिलंय?"

बाईंचं म्हणणंही याच वळणाचं, पण शांतपणे. पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच सरकारनं करावं, त्यापलीकडे लोकांच्या अंगणात पाय ठेवू नये. या एका मुद्द्यावर त्या राज्याच्या विधानसभेसाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागत होत्या. समोर जुने आमदार गेलन हिक्स. हिक्सनं घटना वाचलेली नव्हती, पण तीन निवडणुका सगळ्या खोऱ्याला तळलेले मासे खाऊ घातले होते. नोव्हेंबरात विरोधात कोणी उभंच राहत नसल्यानं मे महिन्यातली ही पक्षातली निवडणूक जो जिंकेल तोच आमदार, हे केंटकीच्या त्या कोपऱ्यात कोंबड्यांनाही ठाऊक होतं.

डेन्झिलचा हट्ट एकच होता. आजवर मतदानाला त्याची बायको वर्ना त्याच्याबरोबर आत जायची. ज्याला वाचता येत नाही त्याला सोबतीला माणूस नेता येतो. सोबत्यानं फक्त शपथेवर सही करायची. वर्ना नावं वाचायची, डेन्झिल "चोर" किंवा "मोठा चोर" म्हणायचा, आणि साध्या चोराचा गोल वर्ना भरायची. या खेपेला मात्र तो एकटा आत जाणार होता. मतपत्रिका स्वतः वाचणार होता, आणि जिनं वाचायला शिकवलं तिच्या नावासमोरचा गोल स्वतःच्या हातानं काळा करणार होता.

डिसेंबरात बाईंनी वर्गात सांगितलं की मतदारयादीतलं नाव एकदा कचेरीत जाऊन बघून या. तो आणि वर्ना दोघं गेले. पण डेन्झिल खिडकीशी पोचला तोच त्याला गाडीच्या नंबरपाटीचा कर आठवला.

"हा कर कुठल्या कलमात लिहिलाय?" त्यानं कारकुनाला विचारलं.

"आजोबा, ती खिडकी पलीकडची."

"खिडकी कुठल्या कलमात लिहिलीय?"

हे प्रकरण वाढत गेलं आणि शेवटी, या कचेरीत पुन्हा पाय ठेवणार नाही, असं सांगून डेन्झिल गाडीत जाऊन बसला. वर्ना बऱ्याच वेळानं बाहेर आली. "डेन्झिल, ऐक जरा. हे वर्षअखेरच्या आत करावं लागतं," ती म्हणाली.

"त्या कचेरीचं नाव काढू नकोस."

"बरं," वर्ना म्हणाली. लग्नाला चाळीस वर्षं झालेली बाई "बरं" कधी म्हणायचं हे जाणून असते.

मग प्रचार सुरू झाला. बाईंच्या पाट्या पुठ्ठ्याच्या आणि लहान. डेन्झिलला त्यांचा राग आला. त्यानं कोंबड्यांच्या खुराड्याचं दार उचकटलं, त्यावर लाल रंगात 'स्टॅम्परबाईंना मत द्या' असं लिहिलं आणि रस्त्याकडेला उभं केलं. पहिल्यांदाच त्यानं काहीतरी एवढं मोठं लिहिलं होतं. दोन दिवस तो तिथून येता-जाता गाडी हळू करायचा. तिसऱ्या दिवशी कोल्ह्यानं वर्नाच्या अंडी देणाऱ्या दोन कोंबड्या नेल्या.

"हे हिक्सचं काम," डेन्झिल म्हणाला.

"हिक्स खुराड्यात शिरला?"

"त्याचा काय नेम."

वर्नानं त्याच्याशी बोलणं टाकलं. मतदानाच्या दिवसापर्यंत ती फक्त "ऊठ", "जेव" आणि "पाय पूस" एवढंच बोलत होती.

मतदान अग्निशमन केंद्रात होतं. डेन्झिलनं अंगात पाठीवर बाईंचं नाव रंगवलेला शर्ट घातला, खुराड्याचं दार गाडीत मागे उभं बांधलं आणि गाडी थेट केंद्राच्या दाराशी नेली. वर्ना गाडीतच बसून राहिली. आत टेबलाशी इमोजीन होती; दर रविवारी चर्चमध्ये ती डेन्झिलच्या पुढच्या बाकावर बसायची.

"डेन्झिल, गाडी लांब ने. दारापासून शंभर फुटांत प्रचार चालत नाही."

"ते खुराड्याचं दार आहे."

"त्यावर बाईंना मत द्या असं लिहिलंय."

"कोंबड्यांना सांगत होतो."

"गाडी ने. आणि शर्टही काढ."

डेन्झिलनं खिशातून पुस्तिका काढून घटनेची पहिली दुरुस्ती, बोलण्याच्या स्वातंत्र्याची, खड्या आवाजात वाचली. रांगेतल्या दोघांनी टोप्या काढल्या. त्यांना वाटलं, प्रार्थना आहे. इमोजीननं ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, "छान वाचलंस. आता शर्ट."

गाडी लांब गेली. शर्टही उतरला. गंजीफ्रॉकवर, पुस्तिका हातात घेऊन, डेन्झिल पुन्हा टेबलाशी उभा राहिला. इमोजीननं नाव शोधलं, चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यापुढे मतपत्रिका सरकवली.

डेन्झिल उभ्या उभ्याच वाचू लागला. तुरुंगाधिकारीही तिकडे मतांवरच निवडला जायचा; त्या जागेसाठी दोन नावं होती. न्यायाधीशाच्या जागेसाठी एक होतं. त्यानं कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"यात बाई कुठायत?"

"बाई रिपब्लिकनांच्या कागदावर आहेत. तू डेमोक्रॅट आहेस."

"शिवी देऊ नकोस, इमोजीन. आपण एका चर्चला जातो."

"शिवी नाही, मतदारयादीतली नोंद आहे. ज्या पक्षात नोंद, त्याच पक्षाचा कागद मिळतो. अठराव्या वर्षी तुझ्या बापानं तुला कचेरीत नेऊन करून दिलेली. तेव्हा जिल्ह्याचा शेरीफसुद्धा त्याच पक्षातून ठरायचा, सगळे तिथंच नाव घालायचे. तू खाली फुली मारलीयस."

"मग आत्ता बदल."

"एकतीस डिसेंबरला मुदत संपली."

डेन्झिलच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यानं पुस्तिका टेबलावर आपटली. "मी ही सगळी वाचलीय. यात राजकीय पक्ष हे शब्द कुठंयत ते दाखव. एकदाही नाही. ज्याचं नाव घटनेत नाही तो पक्ष मला अडवणार?"

इमोजीन शांतपणे म्हणाली, "नाही ना? मग पक्षाच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्कही त्यात नाही. कागद घेतोस का ठेवू?"

आयुष्यात पहिल्यांदा डेन्झिलला त्याच्याच कलमानं गप्प केलं होतं. तो तरातरा गाडीपाशी आला, दार उघडलं आणि सगळ्या रागानिशी सीटवर आदळला. खाली काहीतरी कडकन मोडलं.

"माझा चष्मा," वर्ना म्हणाली. पुसून तिनं तो क्षणभर सीटवर ठेवला होता.

डेन्झिलनं बुडाखालून काढला तेव्हा त्याच्या एका काचेची भुकटी झाली होती आणि दुसरी सापडलीच नाही. त्याला तेव्हा चष्म्याचं सुचत नव्हतं.

"वर्ना, मी डेमोक्रॅट आहे?"

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"चाळीस वर्षं तो कागद मीच वाचतेय ना."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू कधी विचारलंस कुणाचा कागद? तू म्हणायचास, चोर वाच. मी वाचायचे. डिसेंबरात सांगायला गेले, तर म्हणालास नाव काढू नकोस."

डेन्झिलनं स्टिअरिंगवर मूठ आपटली. राग होता, पण आता तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. बापावर काढावा तर तो कधीच गेला. हिक्सचा यात काही हात नव्हता. "म्हणजे बापानं हात धरला तो धरलाच," तो म्हणाला. "बाईंना काय तोंड दाखवू? सगळ्या सभांत मीच पुढे ओरडत होतो."

वर्ना गाडीतून उतरली. चाचपडत त्याच्या बाजूला आली आणि दार उघडून म्हणाली, "चल. मला मत द्यायचंय, आणि मला काही दिसत नाहीये."

"तुझ्या त्या कागदावर काय वाचायचंय? तोच तुरुंगाधिकारी."

"मी डिसेंबरात नाव बदलून घेतलं. तू गाडीत फुगून बसला होतास तेव्हा."

डेन्झिलनं तिच्याकडे पाहिलं. "तू? तू तर बाईंच्या एका सभेला आली नाहीस."

"बाईंचं देणं काय तुझ्या एकट्याच्या अंगावर आहे? नवरा माझा शिकवलाय त्यांनी. चल, शर्ट घाल. उलटा घाल."

दोघं पुन्हा आत गेले. इमोजीननं कपाळाला हात लावला. "आता काय?"

"मला दिसत नाही. चष्म्यावर हा बसला," वर्ना म्हणाली. "सोबत माणूस पाहिजे."

इमोजीननं शपथेचा कागद काढला. इतकी वर्षं त्यावर सोबती म्हणून वर्नाची सही असायची आणि मतदार म्हणून डेन्झिलची फुली. डेन्झिलनं कागद डोळ्यांजवळ धरून आख्खा वाचला. रांग खोळंबली. मतदाराचं मत आपण फिरवणार नाही आणि बाहेर कोणाला सांगणार नाही, असं त्यात होतं. मग त्यानं सोबत्याच्या रेघेवर सही केली. वळणदार नव्हती, पण पूर्ण होती.

पडद्याआड डेन्झिल कुजबुजत वाचू लागला, "हि... हिक्स, गेलन."

"तो नको."

"मी नुसता वाचतोय. शपथ घेतलीय." मग तो थांबला. "स्टॅम्पर, ओलीटा." पुन्हा एकदा वाचलं, या वेळी न अडखळता.

"चोर का मोठा चोर?" वर्नानं विचारलं.

"गप्प बस."

"कुठला गोल ते दाखव." त्यानं तिचं बोट धरून गोलावर ठेवलं. वर्नानं ते तिथंच राहू दिलं. मग पेन त्याच्या हातात दिलं. "चाळीस वर्षं मी धरलं. आता तू धर."

डेन्झिलनं तो गोल इतका दाबून भरला की खालच्या फळीवरही उमटला.

नंतर वर्नानं त्याला त्याच्या स्वतःच्या कागदाकडे पिटाळलं. त्यानं दोन्ही तुरुंगाधिकारी वाचले, दोघांनाही शिव्या दिल्या आणि एकाला मत दिलं.

स्टॅम्परबाई पडल्या, आणि चांगल्याच पडल्या. त्यांच्या सभांना गर्दी करून बाह्या सरसावणारे निम्म्याहून जास्त लोक डेन्झिलसारखेच बापाच्या हातचे डेमोक्रॅट निघाले. बाई वैतागल्या नाहीत. पुढच्या वर्गात त्यांनी फळ्यावर '३१ डिसेंबर' एवढंच लिहिलं आणि सगळ्यांकडून दोनदा वाचून घेतलं.

त्यानंतर डेन्झिल दर डिसेंबरात नाव बदलायला कचेरीत जायचा. दर डिसेंबरात खिडकीशी पोचल्यावर त्याला नंबरपाटीचा कर आठवायचा, आणि नाव तसंच राहायचं.

त्याच्या शवपेटीवर एक मोठा हार आला होता. स्टॅम्परबाईंनी त्याची फीत वाचली, 'आमच्या निष्ठावंत सभासदास, जिल्हा डेमोक्रॅट महिला मंडळ'. त्यांनी हळूच वर्नाला विचारलं, "काढून ठेवू का?"

"राहू दे, बाई," वर्ना म्हणाली. "चिडू दे त्याला."

डेन्झिल नेपियर २०१९ सालच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी, आपल्या घरी वारला.