वेणूने गाडी बंद केली

भर दुपारी काटोलच्या रस्त्यावर वेणूने चालू गाडी बाजूला घेतली आणि किल्ली फिरवून बंद केली. तिच्या शेजारच्या सीटवर माझी सून कमल दोन्ही हातांनी दार धरून कण्हत होती. गाडीला सीटा दोनच, म्हणून मी मागे गुंडाळलेल्या कापडी टपावर बाजारातल्या कोंबडीसारखी बसले होते. नागपूर अजून बरंच लांब होतं.

"काहून बंद केली वं?" मी ओरडले. "चांगली चालून राहिली होती न!"

"पाय आले," वेणू म्हणाली.

म्हणजे बाळाचे. पोर उलटं होतं, डोक्याच्या आधी पाय. अशा पोराला आपल्याकडे पायाळू म्हणतात आणि ते मोठं झालं की त्याचं कौतुक होतं. पण आधी ते मोठं व्हावं लागतं.

जी गाडी सुरू व्हावी म्हणून या बाईने डोक्याचे केस पांढरे केले, ती गाडी त्या दिवशी पहिल्यांदा सरळ चालत होती. आणि हिने ती आपल्या हाताने बंद केली. वेणू कोण ते सांगितल्याशिवाय यातलं काही कळायचं नाही.

वेणू माझी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा ती परकर घालून आंगणात लंगडी खेळत होती. तिचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवरा गेला. माझे सासरे कडक होते पण मूर्ख नव्हते. त्यांनी तिला रडत बसू दिलं नाही, नर्सिंगला घातलं. ती दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात लागली आणि अर्धं नागपूर तिच्या हातावर जन्माला आलं. ते अर्धं नागपूर तिला पाठ होतं. एकदा सदर भागातल्या चौकात पोलिसाने तिची गाडी अडवली आणि कागद मागितले. हिने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि भर चौकात म्हणाली, "तू गळ्यात नाळ घालून आला होता, मालूम आहे का तुले? निळा पडला होता पार. कागद मागते!" पोलिसाने सलाम ठोकला आणि सगळी रहदारी थांबवून हिला वाट दिली.

गाडी तिला कुठून मिळाली हे विचारलं की ती एकच उत्तर द्यायची. "पेशंटने दिली." पेशंट लोक पेढे देतात, फार तर साडी देतात. हिला मोटार दिली. एके दिवशी चार हमालांनी ती ढकलत आमच्या आंगणात आणली. विलायती गाडी, हिरवी, दोन सीटांची, तारांची चाकं, लांब नाक आणि नाकावर चामड्याचा पट्टा. इतकी बुटकी की आत बसलं की जमिनीवर पाट मांडून बसल्यासारखं वाटायचं. कोणी साहेब लोक अशा गाडीत हवा खायला जायचे म्हणे. आमच्याकडे आली तेव्हा तिच्यात उंदीर राहत होते.

गाडीसाठी आमची म्हैस विकली. गोठा गाडीला मिळाला. मी माझ्या नवऱ्याला म्हटलं, "म्हैस दूध देत होती. हे काय देते?" ते म्हणाले, "बहीण आहे, जाऊ दे." बहीण त्यांची होती, म्हैस माझी होती.

ड्युटी करून आली की वेणू पांढरी साडी बदलायची, जुना एप्रन घालायची आणि गोठ्यात शिरायची. पण त्याच्या आधी पाने उकळायची. नटबोल्ट खोलायचे लोखंडी पाने! माझ्या वरणाच्या पातेल्यात, माझ्या चुलीवर, चांगले खळाखळा. मग चिमट्याने काढून पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडायची. मी म्हणाले, "वेणू, गाडीले सेप्टिक होते का?" ती म्हणाली, "सवय मोडली की हात मोडला, वहिनी." एकदा वरणात नट निघाला. माझ्या नवऱ्याने तो ताटाच्या कडेला ठेवला, आमसूल ठेवावं तसा, आणि जेवत राहिले.

रेडिएटरमध्ये घालायचं पाणीसुद्धा ती उकळून, गाळून, झाकणाच्या डब्यात भरून ठेवायची. आम्ही घरची माणसं विहिरीचं पाणी प्यायचो.

इंजिनाला दोन कार्बोरेटर होते. दोघांनी सारखी हवा ओढली तर गाडी नीट चालते, नाहीतर ठसकते, असं तिने मला सांगितलं. ते ती कशाने तपासायची? बाईच्या पोटावर ठेवून बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी असते ना, तिने. नळी कानाला लावून, डोळे मिटून, कार्बोरेटरवर वाकायची आणि हात वर करून आम्हाला गप्प बसवायची. "डाव्याचा श्वास लहान येऊन राहिला." आम्ही सगळे गंभीर व्हायचो. का व्हायचो ते मला अजून कळलेलं नाही.

हँडल मारायचं काम माझ्या नवऱ्याकडे होतं. पुढे उभं राहून लोखंडी दांडा फिरवायचा. ते दांडा फिरवायचे आणि ही आत बसून ओरडायची, "श्वास घे दादा! थांब, आत्ता नाही! आता लाव जोर! लाव, लाव, लाव! शाब्बास, थोडंच राहिलं!" पहिल्या दिवशी शेजारच्या पार्वतीबाई गरम पाण्याचा हंडा घेऊन धावत आल्या. "कोण अडलं वं?" मी म्हटलं, "आमचे हे."

तिचा एक मोठा नियम होता. ओढायचं नाही. बोल्ट अडकला की कोणीही हातोडा घेतो. ही त्यावर चार थेंब तेल सोडायची आणि शेजारी वेताचा मोडा टाकून त्यावर बसून राहायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल, पुन्हा मोडा. "ओढलं की तुटते. आपणहून येऊ द्याचं." एकदा तिच्या पाठीमागे माझ्या नवऱ्याने हातोडा घातला आणि बोल्टाचं डोकं उडवलं. तिने त्यांना गोठ्यातून बाहेर काढलं आणि तीन आठवडे त्यांच्याशी बोलली नाही. बोलली ते एवढंच, "बाईच्या अंगाले लागला असता तो हात, तर?"

अशाने वर्षं गेली. टपाचं पांढरं कापड तिने गांधीबागेत दुकानदाराशी भांडून आणलं आणि हाताने शिवलं. लेथवाल्या खराद्याने लोखंडी भाग फुकट करून दिले, कारण त्याची तीनही पोरं तिच्या हातची. चालवायला तिला दवाखान्याच्या ड्रायव्हरने शिकवलं, त्याची बायकोही तिच्याच हातची. गाडी सदरपर्यंत जाऊन यायला लागली. परत येताना कधी ढकलत यायची, पण यायची.

कमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी काटोलला गेली होती. दिवस अजून बाकी होते. वेणू म्हणाली, "चल वहिनी, भेटून येऊ. गाडीले लांबची हवा दाखवू." मी डिंकाचे लाडू घेतले आणि देवाचं नाव घेतलं. दोन्ही उपयोगी पडले.

काटोलला पोचल्यावर वेणूने कमलच्या पोटावर हात ठेवला, नळी लावली आणि तिचा चेहरा बदलला. "उलटं आहे. नागपूरच्या दवाखान्यात न्या लागते." ती बोलत असतानाच कमलला कळा सुरू झाल्या. संत्र्यांचे दिवस होते, बस लोकांनी आणि टोपल्यांनी भरून निघून गेलेली. विहीणबाई रडायला लागल्या. वेणूने कमलला उचलून त्या पाटावर, म्हणजे सीटवर, बसवलं. मी मागे चढले. आणि गाडी निघाली ती काय सांगू! एकदाही ठसकली नाही. दोन्हीचा श्वास सारखा. मी वेणूची पाठ पाहत होते. ती सीटला न टेकता बसली होती आणि तिची मान ताठ होती. ही गाडी ती वेळेत पोचवणार होती, काही झालं तरी.

आणि मग पाय आले.

"चालव न वं!" मी तिच्या खांद्यावर गुद्दे मारले. "एवढी पळून राहिली, अर्ध्या तासात पोचू!"

"नाही," ती म्हणाली. "आता गाडीचं काम नाही." आणि खाली उतरली.

त्या गाडीच्या बुटकेपणाला मी किती नावं ठेवली होती. कमलला सीटच्या कडेला सरकवलं, दारातून पाय बाहेर, आणि वेणू रस्त्यावर गुडघे टेकून बरोबर तिच्यासमोर आली. मी मागून कमलला काखेत धरलं. तेवढ्यात संत्र्यांची बैलगाडी येऊन थांबली. दोन शेतकरी उतरले.

"गाडीले काय झालं बाई?"

"गाडीले काही नाही झालं," मी म्हटलं. "पाठ करा तिकडे."

वेणूने गाडीवरून टप ओढून काढला, तिचा जीव की प्राण टप, आणि त्यांच्याकडे फेकला. त्या दोघांनी तो पडद्यासारखा दोन टोकांना धरला आणि आमच्याकडे पाठ करून, संत्र्याच्या झाडांकडे तोंड करून उभे राहिले. शेवटपर्यंत एकानेही मान वळवली नाही. माझ्या नवऱ्यापेक्षा शहाणे.

डब्यातल्या उकळलेल्या पाण्याने तिने हात धुतले. फडक्यातून उकळलेली कात्री काढली. गाडीचं सगळं सामान तिथे होतं आणि सगळं उकळलेलं होतं. वरणाचं पातेलं मला तेव्हा आठवलं.

मग ती काही करेना. पाय दिसत होते, मांड्या दिसल्या, आणि वेणू दोन्ही हात आपल्या मांडीवर ठेवून बसली. कमल किंचाळत होती. मी म्हटलं, "अवं, ओढ न त्याले! मरते न पोरगी माही!"

"ओढायचं नाही," वेणू म्हणाली. आवाज अगदी गोठ्यातला. "आपणहून येऊ दे. कमल, थांब बाई. आत्ता नाही. आता लाव जोर. लाव, लाव, लाव."

पाठ आली. खांदे आले. तेव्हा कुठे तिने हात पुढे केले, बाळाला खालून नुसता आधार दिला, थोडं वर उचललं आणि डोकं आलं.

मुलगी. रडली नाही. वेणूने रबरी नळीने तिच्या घशातलं पाणी तोंडाने ओढून थुंकलं, पुन्हा ओढलं, पाठ चोळली. पडदा धरलेल्यांपैकी एक जण मान न वळवता म्हणाला, "आवाज नाही येऊन राहिला बाई." "येईल," वेणू म्हणाली. "घाई नको करू." आणि पोरीने असा भोंगा काढला की बैल बुजले.

वार पडली, नाळ कापली, कमलला टपात गुंडाळून सीटवर टेकवलं, पोरगी तिच्या छातीवर. शेतकऱ्यांनी माझ्या ओटीत संत्री घातली. आणि वेणू गाडीच्या पायरीवर बसली.  

"गाडी त्या साहेबाची होती," ती म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं. "खाणीवरचा साहेब. बाईले कळा आल्या म्हणून मले घ्याले दवाखान्यात आला. बंगल्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. बॉनेट उघडून तो आत वाकला. म्हणे, दोन मिनिटं सिस्टर, दोन मिनिटं. मी बसून राहिली. त्याच सीटवर. बंगल्याचा दिवा दिसून राहिला होता वहिनी. चालत गेली असती तरी पोचली असती."

"मग?"

"दोघंही गेली. माय बी, पोर बी. साहेब विलायतेले निघून गेला. गाडी तशीच टाकून. मले म्हणे, तू घे."

  मी पाण्याचा डबा तिच्यापुढे धरला. तिने पुन्हा हात धुतले. मग एका शेतकऱ्याने हँडल मारलं आणि गाडी पहिल्याच फेऱ्याला सुरू झाली. वेणू त्याला काही ओरडली नाही. दवाखान्यापर्यंत ती इतकी हळू गेली की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला.

आता पोरगी सहा वर्षांची आहे. पायाळू असल्यामुळे मोहल्ल्यातले लोक कंबर धरली की तिच्याकडे येतात, पाठीवर लाथ मारून घेतात आणि चॉकलेट देऊन जातात. वेणूला हे मुळीच पटत नाही. ती येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, "शिकलेला आहेस न रे तू?" पण बॉनेटवर वाकून वाकून तिची स्वतःची कंबरही गेली आहे. रविवारी गोठ्यात ती चटई टाकते, पालथी पडते आणि हाक मारते. पोरगी येऊन तिच्या पाठीवर उभी राहते, गाडीच्या नाकावरच्या पट्ट्याला धरून, आणि मानेपासून कंबरेपर्यंत सावकाश चालते.

मी एकदा म्हटलं, "तुहा तर विश्वास नव्हता न वं?"

"नाहीच आहे," ती चटईत तोंड खुपसून म्हणाली. "वजन पाहून राहिली मी तिचं. बरोबर वाढून राहिली."

टप अजून गाडीवर पुन्हा शिवलेला नाही. डाग निघत नाहीत म्हणून मी धुवायचा सोडून दिला आणि तीही नवा आणत नाही. ऊन लागतं, पाऊस लागतो, पण आम्ही तशाच फिरतो.

काटोलहून निघालो तेव्हा त्या गाडीत आम्ही तिघी होतो. नागपूरला पोचलो तेव्हा चौघी. चौघीही जगलो.