खडूचा पलंग

अर्धवट बांधलेलं घर घेताना लोक फसतात ते सिमेंट न बघितल्यामुळे नव्हे, तर सामान कुठे मावेल ते न बघितल्यामुळे, असं त्याचं ठाम मत होतं. ठाम मत नसलेला विषय त्याच्याकडे नव्हताच. चष्म्याच्या दुकानात अर्धं आयुष्य काढलेला हा माणूस कोबीचा गड्डासुद्धा चारी बाजूंनी फिरवून मगच पिशवीत टाकायचा. म्हणून बायकोने त्याचं नाव ठेवलं तपासनीस, आणि पुढे सगळेच तेच म्हणू लागले.

त्यामुळे ठेकेदार जेव्हा म्हणाला, "बाहेरच्या भिंती आणि छप्पर झालंय. आतल्या भिंती कुठे हव्यात त्या आखून ठेवा, पसंत पडलं तर घ्या," तेव्हा तपासनिसाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पण घर घेण्याचं खरं कारण वेगळंच होतं. त्याचे वडील त्याच शहरात, दुसऱ्या टोकाला एकटे राहायचे. आई गेल्यापासून तो त्यांच्या मागे लागला होता, आमच्याकडे या म्हणून. बाबा दर वेळी नवी सबब काढायचे. यंदाची सबब होती पलंग. "माझा पलंग खिडकीशी, सकाळचं ऊन पायावर येईल असा बसला तर येतो. नाहीतर मी आहे तिथे बरा आहे." पलंगाची मापंही त्यांनीच फोनवर सांगितली. ऐकून तपासनीस जरा चक्रावला. लहानपणी पाहिलेल्या वस्तू मोठेपणी लहान वाटतात म्हणतात, हा पलंग उलट वाढला होता.

शनिवारी नवरा-बायको टेप आणि खडू घेऊन त्या रिकाम्या घरात शिरले. तपासनिसाने गुडघे टेकले आणि खिडकीखाली पलंग आखला. मग कपाट, मग सोफा, मग जेवणाचं गोल टेबल.

"अहो, भिंती आखायच्या होत्या ना?"

"आधी माणसं, मग त्यांचं सामान, मग भिंती. लोक उलट करतात आणि मग रडतात. आणि तू कपाटातून चालू नकोस, जरा वळसा घाल."

तिने निमूट वळसा घातला. त्याने पलंगाची रेघ दोनदा पुसली, तीनदा आखली. शेवटी पलंग खिडकीखाली टेकला, अगदी घासून. तो तसाच जमिनीवर बसून राहिला. "बसला गं," एवढंच म्हणाला आणि चष्मा पुसू लागला.

पुढच्या रविवारी तो बायकोला आणि बाबांना घेऊन आला. दारातच थबकला. आत जिकडे तिकडे विटांची बांधकामं उभी होती, आणि मधोमध थापी घेऊन ठेकेदाराचा गवंडी, कौतुकाची वाट बघत.

"साहेब, तुमच्या खुणांवर बांधलंय. सूतभर इकडेतिकडे नाही."

"अहो, पण हे आहे काय?"

"खोल्या. जरा लहान आहेत, पण गिऱ्हाइकाच्या आवडीत आपण पडत नाही. दारं तुम्ही दाखवली नव्हती, म्हणून ठेवली नाहीत. ही गोल मात्र कळली नाही. मी टाकी समजलो."

"ते जेवणाचं टेबल आहे," तपासनीस म्हणाला. त्याचा आवाज टाकीतूनच आल्यासारखा आला.

बायको सोफ्याच्या भिंतीला टेकून पोट धरून हसत होती. त्याला मात्र घाम फुटला होता. हे असलं घर बघून बाबा आल्या पावली परत जाणार, आणि पुढच्या वेळी सबबसुद्धा काढणार नाहीत. तो समजूत घालायला वळला, तर बाबा मागे नव्हते.

बाबा पलंगात होते. तिथे विटा संपल्यामुळे भिंत गुडघ्याएवढीच झाली होती. ती ओलांडून, आत एक रिकामं पोतं अंथरून ते बसले होते. पावलांवर ऊन होतं.

"बाबा, चुकून झालंय. उद्या पाडतो सगळं. पण पलंग बसतो. मी मोजलंय."

"कसला पलंग? त्याला कधीच वाळवी लागली. मी खाली गादी घालून झोपतो."

"मग ती मापं?"

"अंदाजाने सांगितली. जरा वाढवूनच. म्हटलं, कुठे बसायलाच नको."

 दर रविवारी तपासनीस त्यांच्याकडे जायचा, बाहेरच्या खोलीत चहा प्यायचा आणि घरी यायचा. आतल्या खोलीत त्याने कधी डोकावलंच नव्हतं.

"वाटायचं, लोक काय म्हणतील म्हणून बोलावतोस," बाबा म्हणाले. "पण सूनबाई सांगत होती, इथे लहान पोरासारखा रांगत होतास, माझ्या पलंगासाठी. आता नाही कसं म्हणू?" त्यांनी विटांवर हात फिरवला. "हे एवढं पाडू नकोस. आत भर घाल, वर फरशी बसव. बसायला चांगलं होईल."

घर घेतलं. बाकीचं सामान पाडायला लावलं, गवंड्याची समजूत काढून. खिडकीखालचा तो अवाढव्य कट्टा मात्र आहे, आणि सकाळी त्यावर बाबा असतात.

अजूनही कुणी विचारलं, की अर्धवट बांधलेलं घर घेताना आधी काय तपासावं, तर तपासनीस घसा खाकरून पुढे सरकतो. पण त्याने तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज येतो, "आधी पलंग आहे का ते बघा."