धोंड्याच्या महिन्यातलं डाएट

भागवतरावांनी भाकरी सोडली ती गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेनऊला. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्यांनी ती जिंतूरच्या आपल्या शाळेतल्या सगळ्या स्टाफला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवली होती. (ते शाळेत क्लार्क आहेत. कळवणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग आहे.)

डॉक्टरांचं म्हणणं खरं तर साधं होतं. शुगर वाढलीय, वजन एक्क्याण्णव झालंय, ताटातलं थोडं कमी करा, रोज तासभर चाला आणि ही गोळी जेवणासोबत घ्या, उपाशीपोटी मुळीच नको. एवढ्या साध्या सल्ल्यासाठी फी मोजावी लागली, याचं भागवतरावांना फार वाईट वाटलं. त्यांनी मोबाइल उघडला. एकजण म्हणत होता, दिवसातून दोनदाच जेवा. दुसरा म्हणत होता, धान्य सोडा, तूप प्या. तिसरा म्हणत होता, सोळा तास पोटात काही घालू नका. शहाण्या माणसाने यातलं एखादं ऐकलं असतं. पण भागवतराव कुणाचं मन मोडणाऱ्यातले नाहीत. त्यांनी तिघांचंही ऐकलं. सोळा तास उपाशी राहायचं आणि उरलेल्या आठ तासांत दोनदा पनीर, शेंगदाणे आणि वाटी वाटी तूप चेपायचं. चालणं तेवढं राहून गेलं, कारण त्याबद्दल तिघांपैकी कुणीच काही बोललं नव्हतं.

घरात नवा वजनकाटा आला. पहिला आठवडाभर तो हट्टाने एक्क्याण्णववरच बसला आणि भागवतरावांनी घर डोक्यावर घेतलं. पुढे मात्र त्याला सुबुद्धी झाली आणि दोन महिन्यांत पंच्याऐंशी दाखवू लागला. त्यांच्या बायकोने, दैवशालाने, तोवर काट्याखाली जुन्या गोधडीची घडी घालून त्याला मानाची जागाही दिली होती. सहा किलो! भागवतराव भेटेल त्याला डाएट सांगू लागले. स्टाफरूममध्ये ते शिरले की लोक डबे बंद करायचे.

आणि मग धोंड्याचा महिना लागला.

तीन वर्षांनी येणाऱ्या या अधिक महिन्यात जावयाला सासरी बोलावतात, पाय धुतात आणि पुरण भरून तळलेले धोंडे पोटभर खाऊ घालतात. मागच्या खेपेला पोट बिघडलं म्हणून भागवतराव गेले नव्हते. गंगाखेडजवळच्या गावात सासरे किशनरावांनी वाढलेलं ताट संध्याकाळपर्यंत तसंच होतं. त्यानंतर वर्षभर ते जावयाशी बोलले नव्हते.

"आवंदा माझ्या बापाचं ताट तसंच ऱ्हायलं ना," दैवशाला म्हणाली, "तर मी तिथंच ऱ्हाईन. तुमी आन तुमचा काटा करा संसार."

एसटीत बसल्यावर भागवतरावांनी पेच मांडून पाहिला. धोंडे खावेत तर सहा किलो परत येणार, न खावेत तर बायको परत येणार नाही. (दोन्हींत जास्त जड काय, हे त्यांनी मनातसुद्धा ठरवलं नाही.) परभणी मागे पडलं आणि त्यांना युक्ती सुचली. व्रत! देवाचं नाव घेतलं की ताटाचा अपमान होत नाही. शिवाय उपासाला दही-शेंगदाणे चालतात, म्हणजे डाएट जसंच्या तसं. पोचल्यावर लगेच खायचंच आहे, या हिशेबाने त्यांनी सकाळची गोळी बसमध्येच घेऊन टाकली. आदल्या संध्याकाळपासून पोटात काही नव्हतं.

"मामी, मी अधिक महिन्याचं व्रत धरलंय," उंबऱ्यातच त्यांनी सासूबाईंना, बायनाबाईंना, सांगितलं. "आज उपास आहे."

बायनाबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आवो, ऐकलं का? आपला जावई व्रत करायलाय!"

"कोन्तं व्रत?" किशनरावांनी विचारलं.

भागवतरावांचा एवढा अभ्यास नव्हता. "कडक आहे," ते म्हणाले.

"मंग धारणा-पारणाच आसंल," बायनाबाई म्हणाल्या. "एक दिस कडकडीत उपास, दुसऱ्या दिशी जेवण."

"तेच. दही-शेंगदाणे चालतील मला."

"धारणेला कुठलं दही? तुळशीचं पाणी घ्या. मी तुमचं व्रत मोडू देनार न्हाई, जावईबापू!"

बातमी गल्लीत पसरली. बायका पाया पडायला आल्या. भागवतराव पाटावर बसून आशीर्वाद देत राहिले आणि समोर त्यांचे साडू हरिओम धोंडे खात राहिले. तूप ओतून. भागवतराव मोजत होते. अकराव्या धोंड्याला त्यांना दरदरून घाम फुटला. बाराव्याला साडू दोन दिसू लागले. हातपाय लटलटायला लागले.

"अगं बया, अंगात आलं!" एक शेजारीण हात जोडून म्हणाली. "इचारा, पेरणी कधी करावी?"

"धोंडा..." भागवतराव पुटपुटले.

"धोंड्याचा म्हैना सरल्यावर म्हनायलेत!"

"सरका बाजूला," किशनराव उठले. ते दहा वर्षांपासून शुगरवाले. "देव न्हाई, साखर उतरली. गुळपाणी आणा लवकर! जावईबापू, गोळी खाल्ली का? उपाशीपोटी?"

भागवतरावांनी मान डोलावली. गुळपाणी पोटात गेलं आणि पाव तासाने साडू पुन्हा एक झाले. मग मात्र त्यांना राहवलं नाही. सगळ्यांसमोर त्यांनी कबूल केलं, की व्रत नाही, मोबाइलवरचं डाएट आहे. लाजेने मान वर होईना. आता हा म्हातारा जन्मभर बोलणार नाही, अशी त्यांची खात्री झाली.

"म्हंजी देवाचं कायबी मोडलं न्हाई!" बायनाबाईंना तर हायसंच वाटलं. "बसा ताटावर."

"दोनच वाढ," किशनराव म्हणाले. "मी बी एकच खायलोय. आर्धी भाकर कमी केली, पहाटं रानात चक्कर मारतो, दहा वर्सं झाली. उपासाचं दाक्तरला इचारून तरी करायचं."

भागवतराव जेवले. फार गोड लागलं. पण हात धुताना त्यांना सहा किलो आठवले आणि चेहरा पडला. जावयाला उभारी यावी म्हणून किशनरावांनी त्यांना ओसरीवरच्या धान्याच्या काट्यावर उभं केलं. "बगा, किती हलके झालाव!"

काट्याने एक्क्याण्णव दाखवलं.

"काटा बिघडलाय," भागवतराव ठामपणे म्हणाले.

किशनरावांनी खताचं पोतं आणून काट्यावर ठेवलं. पोत्यावर पन्नास छापलं होतं आणि काट्यावरही पन्नासच आले. मग सगळे दैवशालाकडे बघू लागले, कारण ती पदर तोंडाला लावून उभी होती.

"घरचा काटा फरशीवर ठिवला की खरं सांगायचा मेला," ती म्हणाली. "आन मंग तुमी रोज सकाळी भांडायचे. म्हनून गोधडी घातली, तर लागला उतरायला."

भागवतराव खांबाला टेकून खाली बसले. दोन महिन्यांची भाकरी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली. दैवशालाला त्यांची दया आली. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "नका जीवाला लावून घेऊ. घरी गेल्यावर अजून एक गोधडी घालते."