आदर्श नवरा पॉइंट

एका जंगलात, बाळांनो, एक किल्ला होता. किल्ल्याखाली पांढऱ्या वाळूची पुळण होती, पुळणीच्या टोकाला दीपस्तंभ होता आणि कड्यावरून एक धबधबा थेट समुद्रात उडी मारायचा. एवढं सगळं असूनही त्या जंगलाकडे कुणी फिरकत नव्हतं. जंगल सुखात होतं.

हे सुख कोल्ह्याला बघवेना. त्यानं पर्यटन मंडळ काढलं आणि स्वतःच त्याचा अध्यक्ष झाला. मग काय! घाटावरून माकडांचे आणि रानडुकरांचे जथे येऊ लागले. पण सहलीचा शेवट फिका पडायचा. किल्ला पाहून झाला, धबधब्याखाली भिजून झालं, की पाहुणे विचारायचे, "आता पुढे काय?"

पुढे आंब्याचं एक जुनं झाड होतं. त्याच्या ढोलीत सगुणा नावाची धनेश पक्षीण बसली होती. बसली होती म्हणजे कशी, ठाऊक आहे का? धनेशांची रीतच न्यारी. अंडी घालायची वेळ झाली की बायको ढोलीत शिरते, ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून घेते आणि चोचीपुरती फट ठेवते. मग नवऱ्यानं रोज उंबरं आणून भरवायची. तो आला नाही, तर बायको आणि पिल्लं, सगळ्यांचाच कारभार आटोपला.

सगुणेचा नवरा भिकाजी मात्र कामाला चोख. स्वभावानं लाजाळू. उंबरावरून ढोलीकडे आणि ढोलीवरून उंबराकडे, एवढंच त्याचं जग.

कोल्ह्यानं हे पाहिलं आणि त्याला गहिवरून आलं. लगेच झाडाखाली पाटी लागली, 'आदर्श नवरा पॉइंट'.

"भिकाजीराव, दोन शब्द बोला," कोल्हा म्हणाला. "समाजाला आज तुमची गरज आहे."

आता सांगा, चोचीत उंबरं धरून बोलता येतं का? भिकाजीनं ती खाली ठेवली आणि चाचरत दोन शब्द बोलला. टाळ्या पडल्या. वळून बघतो तर उंबरं गायब! एका माकडानं सहलीची आठवण म्हणून ती खाऊन टाकली होती.

भिकाजी पुन्हा उंबरं घेऊन आला. तोवर नवा जथा हजर. पुन्हा दोन शब्द, पुन्हा टाळ्या. हळूहळू त्याला गोडी लागली. कुठे थांबायचं, कुठे डोळे पुसायचे, सगळं जमू लागलं. "सगुणेच्या तोंडात घास पडल्याशिवाय मी पाणीसुद्धा पीत नाही," असं तो म्हणाला की रानडुकरं हुंदके द्यायची आणि हुंदके देता देता उंबरं संपवायची.

"अवो, पोरां उपाशी आसत! आधी हय येवा!" फटीतून सगुणा ओरडायची.

"ऐकलंत?" कोल्हा म्हणायचा. "आतून पत्नी दाद देते आहे."

एके दिवशी पिल्लांची चिवचिव थांबली. आता मात्र सगुणेनं चोचीनं भिंत फोडायला घेतली. ढेकळं कोल्ह्याच्या डोक्यावर पडली, आणि हाडं मोजून घ्यावीत अशी सगुणा बाहेर आली. गर्दीनं शिट्ट्या वाजवल्या.

"गजाली पुरे! आता तुमी आत बसा," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगो, पण लोक वाट बघतत..."

पुढचं वाक्य ढोलीत झालं. सगुणेनं त्याला आत ढकललं, ओढ्याकाठचा चिखल आणून तोंड लिंपलं आणि लटपटत्या पंखांनी उंबराकडे उडाली. पहिला घास पिल्लांना. दुसराही पिल्लांना. पुन्हा चिवचिव ऐकू आली तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. उरलंसुरलं भिकाजीला.

दुसऱ्या दिवशी पाटी बदलली, 'आदर्श बायको पॉइंट'.

"सगुणाताई, दोन शब्द!" कोल्हा म्हणाला.

सगुणेची चोच उंबरांनी भरलेली होती. तिनं ती उघडलीच नाही. फटीशी जाऊन पिल्लांना भरवलं आणि ती पुन्हा उडून गेली.

"यात बघण्यासारखं काय आहे?" माकडं म्हणाली आणि धबधब्याकडे चालू लागली.

तेवढ्यात ढोलीच्या फटीतून एक चोच बाहेर आली.

"मी बोलू काय दोन शब्द?"

तात्पर्य : आदर्श व्हायचं असेल, तर चोचीतला घास आधी खाली ठेवावा. घरच्यांची काळजी करू नये. फारच भूक लागली, तर ते भिंत फोडून बाहेर येतात.