एकशे दोन टक्के हजेरी

आराखड्याच्या चौथ्या पानावर गणिताच्या बाई अडखळल्या. ‘नवीन वर्षाचे उद्दिष्ट क्रमांक एक : विद्यार्थ्यांची सरासरी उपस्थिती १०२ टक्के.’ बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आकडा जागचा हलला नव्हता.

बाई मुळात शाळेच्या. तीन वर्षांपूर्वी ‘महिनाभरासाठी’ म्हणून त्यांना जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात आणलं गेलं, आणि कार्यालयाचा महिना किती लांब असतो हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांच्या मागे सातवीचं गणित चित्रकलेच्या सरांकडे गेलं. मुलं आता वर्तुळं अशी देखणी काढायची की बघत राहावं. क्षेत्रफळ मात्र एकालाही येत नव्हतं. ते आठवलं की बाईंना जेवण गोड लागत नसे. या खेपेला साहेबांनी शब्द दिला होता : नव्या वर्षाची उद्दिष्टं आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा आराखडा मंजूर झाला की त्याच दिवशी बाईंना शाळेत परत पाठवायचं. घरी सासूबाई रोज दार उघडताना एकच प्रश्न विचारत, “सुटलीस का गं?”

बाईंनी ते पान हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवलं. “हे एकशे दोन काय आहे?”

“उद्दिष्ट.”

“शंभरातली एकशे दोन मुलं हजर राहणार?”

“ते शाळांनी बघायचं,” हेडक्लार्क शांतपणे म्हणाले. “आपण काय करतो, मागचा आराखडा घेतो, साल बदलतो आणि आकड्यात तीन मिळवतो. दरवर्षी तीन टक्के वाढ, असा वरचा आदेशच आहे. अकरा वर्षं करतोय मी. मागच्या साली नव्याण्णव होतं, तेव्हा नाही कुणी विचारलं.”

“आणि खरी हजेरी किती भरली मागच्या साली?”

“ते या फायलीत नसतं, बाई.”

हा कागद अकरा वर्षं सात-सात सह्या घेऊन वर जात होता. सातांपैकी एकानेही तो वाचण्यात वेळ दवडला नव्हता, आणि याच झटपट कामाबद्दल कार्यालयाला दोनदा प्रशस्तिपत्र मिळालं होतं. ते साहेबांच्या खुर्चीमागे काचेत लावलेलं होतं. बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

साहेबांनी आकडा पाहिला, कॅल्क्युलेटर काढला, नव्याण्णवात तीन मिळवले आणि म्हणाले, “बेरीज बरोबर आहे.”

“साहेब, हे होऊच शकत नाही.”

“म्हणूनच प्रशिक्षण ठेवतो ना आपण. होण्यासारखं असतं तर शिक्षकांना शिकवायला कशाला लागलं असतं?”

“आपण शंभर लिहू या.”

“म्हणजे वाढ एकच टक्का. बाकीचे दोन कुठे गेले विचारलं, तर मी काय तोंड दाखवू वर?” साहेबांनी पान परत सरकवलं. “तुम्हाला शंका आहे तर समिती नेमू. शंका तुमची, तेव्हा निमंत्रक तुम्हीच. अहवाल आला की मग तुमच्या सुटकेचं बघतो.”

संध्याकाळी सासूबाईंनी दार उघडलं. “सुटलीस का गं?”

“समितीवर घेतलंय.”

“अगं बाई. म्हणजे डब्याला नवीन झाकण घ्यायला हवं,” सासूबाई म्हणाल्या. जुनं झाकण तीन वर्षांत पुरतं सैल झालं होतं.

समिती बसली. साहेब, हेडक्लार्क, बाई आणि बाहेरून बोलावलेले एक प्रशिक्षणतज्ज्ञ. कार्यालयात त्यांना सगळे ‘उंच हात’ म्हणत. आल्या आल्या ते सर्वांना हात वर करायला लावत. “करता येईल तेवढा उंच. आता अजून थोडा.” माणसं भिडेखातर खांदा उचलत. “बघा. मघाशी तुम्ही शंभर टक्के म्हणत होता, मग हे वरचं कुठून आलं?” आठ वर्षं गृहस्थ या एका हातावर जिल्हे फिरत होते. आयुष्यात त्यांनी एकही वर्ग शिकवलेला नव्हता, त्यामुळे शिक्षकांत काय कमी आहे हे त्यांना फार स्पष्ट दिसे.

“शंभर ही मनाची मर्यादा आहे,” उंच हात म्हणाले. “तीन दिवस शिक्षक माझ्या ताब्यात द्या. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात.”

“आणि मुलं?” बाईंनी विचारलं.

“त्यांना सुट्टी,” साहेब म्हणाले.

“मग हजेरी तीन दिवस शून्य. सरासरी वर जाईल का खाली?”

साहेबांनी कॅलेंडर पुढे ओढलं. “प्रशिक्षणाचे दिवस कामाच्या दिवसांत धरायचेच नाहीत.”

“पण हजेरीपटाचे रकाने कोरे ठेवता येत नाहीत, साहेब,” हेडक्लार्क म्हणाले. “वरून शेरा येतो. मुलं हजर मांडू.”

बाईंचं डोकं तापलं. तीन वर्षं गिळलेलं सगळं ओठांवर आलं. “छानच की. मुलं घरी, मांडायची हजर, आणि दिवस मोजायचे नाहीत. मग तीनच दिवस कशाला, चार करा. वर्षाचे कामाचे दिवस दोनशे, हजेऱ्या दोनशे चार. झाले एकशे दोन टक्के. शिकवायची कटकटच नको.”

आता कडक शब्द ऐकावे लागणार म्हणून बाई सावरून बसल्या.

“परत सांगा,” साहेब म्हणाले. त्यांनी पेन उघडलं होतं.

हेडक्लार्कनी कागदावर भागाकार करून पाहिला आणि खुर्ची बाईंकडे वळवली. अकरा वर्षांत कुणा माणसाबद्दल त्यांना इतका आदर वाटला नव्हता. उंच हातांनी चौथ्या दिवसाला संमती दिली. तिसऱ्या दिवशीचंच पुन्हा घेता येईल, असं ते म्हणाले.

“पण साहेब, उरलेले दोनशे दिवस प्रत्येक मूल रोज यायला हवं,” बाई घाईने म्हणाल्या. “माझ्याच शाळेत एक्याऐंशीच्या वर हजेरी जात नाही.”

“ते शाळांनी बघायचं.” साहेब उठून उभे राहिले. “बाई, असलं डोकं शाळेत वाया घालवायचं? पुढच्या वर्षी एकशे पाच आहे.”

“दहा दिवस लागतील,” बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

“बघा,” साहेब समितीला म्हणाले. “आता यांना सोडणं शक्य नाही.”

बाई जागेवर येऊन बसल्या. आपल्याच जिभेने घात केला होता, आणि तोही बरोबर उत्तर देऊन. आराखडा मंजुरीला बांधायचा होता म्हणून त्यांनी पुढचं पान उलटलं. पाचव्या पानावर उद्दिष्ट क्रमांक दोन होतं : कार्यालयीन कर्मचाऱ्यांची उपस्थिती १०२ टक्के. हेडक्लार्कनी तिथेही इमानदारीने तीन मिळवले होते.

बाई ते पान घेऊन पुन्हा साहेबांकडे गेल्या. साहेबांनी वाचलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हे उद्दिष्ट शाळांवर ढकलता येत नव्हतं. मस्टर याच कपाटात होतं आणि त्याखाली सही त्यांची स्वतःची होती.

“आपल्यालाही प्रशिक्षणाला बसवा चार दिवस,” साहेब चाचरत म्हणाले.

“कार्यालय बंद ठेवता येत नाही, साहेब. तसा आदेश आहे.” बाईंनी मस्टरच्या कपाटाकडे बोट दाखवलं. “आपण इथे पन्नास माणसं. पन्नासातल्या एकाची हजेरी दोन ठिकाणी लागली की एकावन्न होतात. पन्नासावर एकावन्न म्हणजे बरोबर एकशे दोन.”

“दोन ठिकाणी म्हणजे?”

“मी शाळेत जाते. तिथे सही करते. इथलं मस्टर हेडक्लार्क भरतील. दोन्ही आकडे शेवटी तुमच्याकडेच येतात.”

“एक माणूस एकाच वेळी दोन जागी? हे कसं दिसेल?”

“मुलं घरी असताना आपण ती वर्गात हजर मांडणार आहोत, साहेब. मी निदान एका ठिकाणी तरी असेन.”

साहेबांना हे पटलं. कागदावर मांडता येणारी कुठलीही गोष्ट त्यांना पटत असे. त्यांनी आदेशावर सही केली, ‘अपवादात्मक दुहेरी उपस्थिती’ असं त्याचं नाव ठेवलं आणि ही कल्पना आपल्याला केव्हाच सुचली होती असं संध्याकाळपर्यंत तिघांना सांगितलं.

“सुटलीस का गं?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही. दोन्हीकडे हजर आहे.”

सासूबाईंनी सुनेच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी बाई शाळेत पोचल्या तेव्हा हॉलमध्ये शिक्षकांचे हात वर गेलेले होते. “अजून थोडा,” आतून आवाज आला. बाई दारावरूनच मागे वळल्या आणि सातवीच्या वर्गात गेल्या. टेबलावर हजेरीपट उघडा होता. पटावर चौतीस नावं, चौतिसांपुढे चारही दिवसांची हजेरी आधीच मांडलेली. बाकं रिकामी होती. फळ्यावर चित्रकलेच्या सरांचं एक अप्रतिम वर्तुळ होतं.

शेवटच्या बाकावर मात्र एक मुलगी बसली होती, दप्तर मांडीवर घट्ट धरून.

“तू कशी आलीस? सुट्टी आहे आज.”

“मला नाही कुणी सांगितलं. मी कालच नाव घातलंय. ऑफिसातले काका म्हणाले, नाव पटावर चढायला आठवडा लागेल.” ती उठू लागली. “जाऊ का घरी?”

“वर्तुळाचं क्षेत्रफळ काढता येतं?”

“नाही.”

“मग बस. पुढच्या बाकावर ये.”

मुलगी पुढे येऊन वही उघडेपर्यंत बाईंनी खडू उचलला आणि फळ्याच्या कोपऱ्यात, केवळ सवय म्हणून, एक भागाकार केला. पटावर चौतीस. पटाप्रमाणे हजर चौतीस, आणि ही एक. पस्तीस भागिले चौतीस. उत्तर एकशे दोन पूर्णांक नऊ दशांश टक्के आलं. जिल्ह्याचं उद्दिष्ट गाठून वर थोडं उरलंच होतं.

बाईंनी तो कोपरा पुसला आणि त्रिज्येपासून सुरुवात केली.