देवमनभाऊंचे पालथे कप

बस थांबायच्या आधीच मी पेढे वाटले होते. नातवंडं आजही यावर खदाखदा हसतात. पण तेव्हा मी आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावची सरपंच होते, महिला राखीव जागेवर निवडून आलेली, आणि खुर्चीवर बसलं की सत्ता आपोआप अंगात येते अशी माझी समजूत होती.

सकाळची यवतमाळ बस आमच्या फाट्यावर थांबत नसे. अकरावीच्या नऊ पोरी दोन कोस चालत पुढच्या स्टँडवर जायच्या. घराघरांत बोलणं सुरू झालं होतं, "दिवाळीपर्यंत पाहू, नाही तं बसवू घरी." मी आमदारांना फाट्यावर बोलावलं. शाल, नारळ, फोटो. ते म्हणाले, "उद्यापासून थांबेल." मी लगेच पेढे! दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरसाठी हार घेऊन उभी राहिले, तर बस माझ्या नव्या साडीवर धूळ उडवून निघून गेली.

मागून आवाज आला, "हार कोमेजून राह्यला, बाई."

हे देवमनभाऊ. ग्रामपंचायतीचे निवृत्त शिपाई. तीस वर्षं मीटिंगांत चहा वाटला. कोणापुढे कप आधी ठेवावा लागतो, यावरून त्यांनी सगळं शास्त्र बसवलेलं. लग्नात जेवण सोडून माणसं बघत बसायचे. मयतीलाही कानाशी येऊन सांगायचे, "या घरचा कारभार आता धाकट्या सुनेकडे." आणि तसंच व्हायचं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "बोलते कोन हे पाहू नोका. बोलायच्या आधी कोनाकडे पायते, थे पाहा."

एकदा मलाच म्हणाले, "सरपंच तुमी, पन सही करायच्या आधी मालकाकडे पायता." मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी नवऱ्याकडे न पाहता झोकात सही केली. चुकीच्या कागदावर.

तर धुळीनं माखलेली मी त्यांच्या ओट्यावर गेले. त्यांनी घरातले कप आणून पालथे मांडले. हा आमदार, हा डेपोतला साहेब, हा ड्रायव्हर, हा कंडक्टर. कपाचा कान ज्याच्याकडे, त्याचं तो ऐकतो. आमदाराचा कप त्यांनी उचलला आणि पार चुलीजवळ नेऊन ठेवला.

"थे मोठे आहेत हो, पन ब्रेकवर पाय त्यायचा नाही. ड्रायव्हर पायते कंडक्टरकडे. कंडक्टर भेते रिकाम्या गाडीले. गाडी भरते कोन?"

"कोण?"

"बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या. आपल्याच फाट्यावरून टोपले घेऊन पुढच्या स्टँडवर जातात ना? त्या तिथं गेल्याच नाही तं?"

मी उठलेच. सगळ्याजणींना पत्र काढते, म्हटलं. सही-शिक्क्यानिशी.

"पत्र कायले? समद्याजनी गंगाबाईकडे पायतात. तिच्या घरी जा. अन् खुर्ची मांगू नोका, खाली बसा."

मी गंगाबाईच्या अंगणात खाली बसले. मेथीच्या जुड्या बांधता बांधता तिनं ऐकलं. "आमचा बाजार बुडन, तुले काय होते?" ती म्हणाली. मीही जुड्या बांधू लागले. कशाबशाच बांधल्या. तिनं त्या सोडून पुन्हा बांधल्या आणि विचारलं, "पोरी किती म्हणे?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी चाळीस बाया टोपल्यांसकट फाट्यावर उभ्या राहिल्या. बस रिकामीच गेली. मेथी वाळली. दुसऱ्या बाजारालाही तेच. तेव्हा मला रडू यायला लागलं, आणि गंगाबाईनं मला झापलं, "सरपंच हायेस नं वं? उभी राय!" तिसऱ्या बाजाराला लांबूनच ब्रेक करकरला. कंडक्टर दारातून ओरडला, "चला, बसा पटापटा!" बाया जागच्या हलल्या नाहीत. गंगाबाई म्हणाली, "रोज थांबशीन तं बसतो." महिन्याभरात डेपोनं तिथं विनंती थांबा लिहून दिला.

बाजार नसलेल्या दिवशी पहिल्यांदा बस थांबली तेव्हा नऊच्या नऊ पोरी चढल्या. देवमनभाऊ लांब, लिंबाखाली उभे होते. मी चेष्टेनं म्हटलं, "आता सारं गाव बोलायच्या आधी तुमच्याकडे पाहील."

ते हसले नाहीत. दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "माही पोरगी रेखा दहावीतूनच घरी बसली, बाई. तवा बी बस थांबत नव्हती. अन् तवा बी मले माहीत होतं, कोनाले धरा लागते थे. मले कोनी इचारलं नाही, अन् मी बी तोंड उघडलं नाही."